ओळख नसलेली थंडी

दिवाळीच्या पहाटे आमच्या सोलापुरात जी थंडी पडते, तिला थंडी म्हणावयाचे ते बरेचसे सणाचा मान राखण्यासाठी. अंगाला तेल लागलेले असते, न्हाणीघराबाहेर बंब धडधडत असतो आणि पोरे दात वाजवीत उभी असतात. पण ते दात वाजणे निम्मे हौसेचे असते. ऐन डिसेंबरातही येथला रात्रीचा पारा सरासरीने १५ अंश सेल्सियसच्या आसपास थांबतो. मे महिन्यात मात्र दुपारी तोच पारा ४२-४३ अंशांपर्यंत चढतो, आणि बारानंतर रस्त्यावर कुत्रेसुद्धा दिसत नाही.

अशा या तापट गावाने नाव काढले ते कशात, तर चादरीत! जॅकार्डच्या मागावर विणलेली सोलापुरी चादर देशभर गेली, परदेशी गेली. सरकारने तिला भौगोलिक मानांकनही दिले. स्वतः उन्हात भाजणाऱ्या गावाने दुसऱ्यांच्या थंडीची सोय करावी, यातली गंमत आम्हां सोलापूरकरांच्या सहसा ध्यानात येत नाही. माझ्या ध्यानात ती आली फेब्रुवारी २०२१ मध्ये.

माझा एक मावसभाऊ अमेरिकेत टेक्सास राज्यात, डॅलस शहराजवळ राहतो. तेथे नोकरी धरण्याचे त्याने सांगितलेले एक कारण असे, की हवा अगदी आपल्यासारखी. उन्हाळा कडक, हिवाळा नावापुरता. तो निघाला त्या दिवशी मावशीने त्याच्या पेटीत दोन सोलापुरी चादरी कोंबल्या. ‘‘अगं, तिथे मुंबईपेक्षा उकडते,’’ म्हणून तो कुरकुरला. पण मावशीपुढे त्याचे काही चालले नाही. त्या फेब्रुवारीत त्याचा फोन आला. आवाज बसलेला. ‘‘दादा, आईच्या त्या दोन चादरींत आम्ही चौघांनी तीन रात्री काढल्या. वीज नाही, पाणी नाही, भिंतीतला नळ फुटून खालची खोली भिजली. शिकागोला दरवर्षी याहून जास्त बर्फ पडतो आणि माणसे डबा घेऊन कामावर जातात. मग आमच्याच गावाचे असे का व्हावे?’’

प्रश्न साधा होता, पण उत्तर मला देता येईना. मास्तराला प्रश्नाचे उत्तर न येणे ही मोठी अडचण असते. तेव्हापासून जे वाचले, जुळविले, ते वाचकांपुढे ठेवतो.

*

प्रथम टेक्सासचीच हकीकत पाहू. फेब्रुवारी २०२१ च्या मध्यास उत्तर ध्रुवाकडची थंड हवा खाली घसरत घसरत मेक्सिकोच्या आखातापर्यंत पोचली. १६ फेब्रुवारीला डॅलसच्या विमानतळावर उणे १९ अंश सेल्सियसची नोंद झाली. १९४९ नंतर इतकी थंडी त्या शहराने पाहिली नव्हती. सुमारे ४५ लाख घरे व दुकाने अंधारात गेली आणि एक कोटीहून अधिक लोकांना पाणी उकळून पिण्याची सूचना निघाली. पण उकळावयास वीज कोठे होती?

आता या राज्यात विजेचा तुटवडा असावा, असे काही नाही. नैसर्गिक वायूच्या उत्पादनात ते अमेरिकेत पहिले. पवनचक्क्याही तेथेच सर्वांत अधिक. मग अडले कोठे? थंड मुलखात वीजकेंद्राचे बाष्पक, नळ्या, मोजमापाची उपकरणे हे सारे एका मोठ्या इमारतीच्या पोटात बसविलेले असते. टेक्सासात ते पुष्कळदा उघड्यावर ठेवलेले असते, कारण तेथला रोजचा शत्रू उन्हाळा; यंत्रांची धग मोकळी निघून जावी, हाच तेथे शहाणपणा. घरांचेही तसेच. पाण्याचे नळ बाहेरच्या भिंतीतून नाहीतर छपराखालच्या पोटमाळ्यातून नेलेले. पाणी गोठले की फुगते, आणि नळ फुटतो. म्हणजे उन्हाळ्यासाठी केलेला एकेक शहाणपणा त्या आठवड्यात उलटला.

त्यात आणखी एक गाठ बसली. विहिरींतून वायू वर काढणारी व पुढे ढकलणारी यंत्रे पुष्कळ ठिकाणी विजेवर चालत होती. वीज कमी पडली म्हणून ती तोडली गेली, तेव्हा काही वायुयंत्रांचीही तुटली; वायू कमी आला, म्हणून आणखी वीजकेंद्रे बंद पडली. विहिरीचा दोर विहिरीतच पडावा, तशातली गत! बाहेरून मदत यावी, तर टेक्सासचे वीजजाळे बहुतांशी स्वतंत्र. १९३५ साली झालेल्या केंद्रीय कायद्याच्या कक्षेत येऊ नये म्हणून तेथल्या कंपन्यांनी आपल्या तारा राज्याबाहेर नेल्याच नाहीत. शेजाऱ्याकडून वाटीभर पीठ आणावयाचे, तर मधे दारच नाही.

तेथली वीज सेकंदाला ६० आवर्तनांच्या ठेक्यावर चालते. १५ फेब्रुवारीच्या पहाटे दोनच्या सुमारास हा ठेका ५९.४ च्या खाली घसरला. तेथे तो ९ मिनिटे राहिला असता, तर उरलेली केंद्रे स्वतःला वाचविण्यासाठी आपोआप सुटी झाली असती आणि सारे राज्य एकदम काळोखात गेले असते. मग ते पुन्हा उभे करावयास कदाचित आठवडे लागले असते. तो खाली राहिला ४ मिनिटे २३ सेकंद. म्हणजे पूर्ण नाश आणि ते राज्य यांच्यामध्ये ४ मिनिटे ३७ सेकंद उरली होती. एवढ्या वेळात आपला चहासुद्धा होत नाही.

राज्याच्या आरोग्य खात्याने अखेर २४६ मृत्यू मोजले. त्यांतले सुमारे दोन-तृतीयांश नुसत्या गारठ्याने झाले, घराघरांतून झाले. काहींनी ऊब यावी म्हणून बंद घरात कोळसा पेटविला, काहींनी बंद गॅरेजात मोटार चालू ठेवली, आणि त्या विषारी वायूने त्यांचे प्राण गेले. हे वाचताना मला आपल्याकडच्या शेगडीची आठवण झाली. दारे-खिडक्या लावून उशाशी शेगडी ठेवून झोपू नये, हे आपल्या आज्या सांगत. ज्या घरात कधी शेगडी लागलीच नाही, त्या घरात हे सांगणार कोण?

*

येथे कोणी म्हणेल, की उणे १९ अंशांत कोणीही मेलाच असता. पण थंडीचा मार पाऱ्याच्या आकड्यावरच ठरत नाही, याचा चांगला पुरावा आहे. १९९७ साली युरोपातल्या संशोधकांनी निरनिराळ्या देशांतल्या हिवाळ्यातील मृत्यूंचा हिशेब ताडून पाहिला. पारा जितका उतरतो, त्या मानाने मृत्यू किती वाढतात, हे त्यांना पाहावयाचे होते. अपेक्षा अशी, की फिनलंडसारख्या बर्फाळ देशात ही वाढ मोठी असेल. निघाले उलटे. ग्रीसचे अथेन्स शहर, जेथे आपण हवापालटास जावे अशी हवा, तेथे ही वाढ दक्षिण फिनलंडपेक्षा अधिक होती.

कारण शोधण्यासाठी त्यांनी लोकांच्या घरांत डोकावून पाहिले. बाहेर सारखेच ७ अंश असताना फिनलंडच्या बैठकीच्या खोलीत २१.७ अंश ऊब होती, अथेन्सच्या खोलीत १९.२. बाहेर पडताना फिनलंडात शंभरातले ७२ लोक डोक्यावर टोपी घालीत; अथेन्सात १३. फिनिश माणसाचे हाडमांस काही वेगळे नसते. त्याच्या आजोबांनी भिंत जाड बांधली, आजीने कानटोपी विणली, आणि शाळेत जाताना आईने ती डोक्यावर बसविली. अथेन्सकर मात्र ‘आजचा दिवस काढू’ म्हणून तसाच बाहेर पडला.

दुसरे उदाहरण अमेरिकेतल्याच अटलांटा शहराचे. २८ जानेवारी २०१४ रोजी तेथे बर्फ पडला, तो जेमतेम अडीच इंच. शिकागोत एवढ्यासाठी शाळेची घंटाही उशिरा होत नाही. अटलांटात मात्र दुपारी बर्फ दिसू लागताच शाळा, कचेऱ्या, दुकाने एकाच वेळी सुटली. सारे शहर मोटारी घेऊन एकदम रस्त्यावर आले. रस्त्यावर मीठ व वाळू टाकणाऱ्या गाड्या आधीच थोड्या, त्या या गर्दीत अडकल्या. रस्ता काचेसारखा झाला. माणसे गाडीतच रात्रभर बसून राहिली. दोन हजारांहून अधिक मुले त्या रात्री शाळेतच झोपली, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे मास्तर व बाईही. मला त्या मास्तरांचीच काळजी वाटली. अडीच इंच बर्फाने नव्हे, तर त्या बर्फाची सवय नसल्याने शहर बंद पडले.

*

एवढे वाचून आपण म्हणावे, ‘बरे झाले, आपल्याकडे बर्फ पडत नाही.’ पण ज्या हिवाळ्यात अटलांटाची मुले शाळेत अडकली, त्याच हिवाळ्याच्या अखेरीस आपल्या दख्खनवरही बर्फ पडला. वेगळ्या नावाने पडला इतकेच. आपण त्याला गारा म्हणतो.

हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून वाऱ्यांचे झोत इराण-अफगाणिस्तानावरून हिंदुस्थानात येतात. हवामानशास्त्रज्ञ त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात. ते बहुधा हिमालयाच्या कडेकडेने जातात. काश्मिरात बर्फ आणि पंजाबात गव्हाला पाऊस देतात. पण एखाद्या वर्षी त्यांची थंड हवा वरच्या थरातून पार दख्खनपर्यंत खाली उतरते. इकडे जमीन तापू लागलेली, बंगालच्या उपसागराकडून दमट वारा आलेला. खाली ऊन व ओल, वर गोठलेली हवा. ढग भराभर उंच चढतात, पाण्याचे थेंब वर जाऊन गोठतात, त्यांवर थरावर थर बसतो, आणि वाऱ्याला तो भार पेलेनासा झाला की गारा कोसळतात. उत्तरेच्या हिवाळ्याचा हा आपल्या पदरात पडलेला वाटा.

फेब्रुवारी २०१४ च्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत हे पुनःपुन्हा झाले. विदर्भ, मराठवाडा, उत्तर व पश्चिम महाराष्ट्र मिळून २८ जिल्हे त्यात सापडले. सोलापूर जिल्हाही सुटला नाही. दिवस कोणते, ते पाहावे. आमच्याकडे शाळू ज्वारी कापून शेतात पेंढ्या पडलेल्या असतात, किंवा कणसे भरून उभी असतात. त्यावर पाऊस पडला की दाणा काळा पडतो आणि कडबा सडतो. म्हणजे माणसाची भाकरी आणि बैलाची वैरण एकदम जाते. पंढरपूर भागात द्राक्षे उतरणीला आलेली, बेदाणा शेडवर वाळत घातलेला. सांगोल्याकडे डाळिंबाची झाडे फळांनी वाकलेली. गारेचा एक फटका बसलेले डाळिंब बाजारात चालत नाही. आणि घरे? आमच्या जुन्या घरांवर मातीचे माळवद असते. त्यावर पांढरी माती घालून ते चोपतात ते वैशाख-जेष्ठात, मृगाच्या आधी. मार्चात माळवदाला उन्हाने भेगा गेलेल्या असतात. म्हणजे शेत, खळे, शेड, छप्पर, सगळे बेसावध असते. शत्रूने वेळ साधावी तर अशी!

राज्य सरकारने मार्चातच सुमारे ४,००० कोटी रुपयांची मदत जाहीर केली. बागायती फळबागांना हेक्टरी २५,००० रुपये ठरले. मदत मोठी होती. पण द्राक्षाची एक हेक्टर बाग मांडव-तारांसह उभी करावयास काही लाख रुपये लागतात, हे ज्याने बाग केली तोच जाणे. माझ्या वर्गातला एक मुलगा त्या मार्चात आठवडाभर आला नाही. आल्यावर मी कारण विचारले. ‘‘गारा वेचत होतो, गुरुजी,’’ तो म्हणाला. क्षणभर मला तो खेळ वाटला. मग कळले, की तो आणि त्याचा बाप बागेतली पडलेली फळे आणि फुटलेल्या फांद्या वेचीत होते. आणि त्यांच्या घरी या कामाला नावच नव्हते, कारण ते काम पूर्वी कधी करावे लागले नव्हते.

*

त्या ‘नाव नव्हते’ या गोष्टीपाशी मी थबकलो. कारण आमच्या मुलखात दुष्काळाला मात्र शंभर नावे आहेत. आमची सगळी विद्या दुष्काळाची. दुष्काळात बादशाही कोठार लोकांना खुले करणाऱ्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. त्याच मंगळवेढ्याकडे धान्य जमिनीत पुरून ठेवण्याची पेवे होती. शहराच्या उत्तरेस एकरूखचा तलाव १८७१ साली पुरा झाला. पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ आला, आणि पुढच्या दशकात इंग्रज सरकारला दुष्काळाची नियमावलीच लिहावी लागली. १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी योजनेला जोर आला आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. पाहा, प्रत्येक दुष्काळ मागे काहीतरी ठेवून गेला: कथा, पेव, तलाव, कायदा. गावाची आठवण अशी दगडमातीत आणि कागदावर उतरली, म्हणजेच ती पुढच्या पिढीच्या उपयोगी पडते.

थंडीने आमच्याकडे असे काही ठेविले नाही, कारण ती वीस-पंचवीस वर्षांनी एकदा येते आणि मधल्या काळात पिढी बदलते. निफाडकडचे द्राक्षबागायतदार कडक थंडीच्या रात्री बागेतून शेकोट्या पेटवितात, कारण तेथे पारा वारंवार उतरतो; त्यांची आठवण ताजी आहे. आम्हांला ती नाही.

मराठी माणसाला ही न ओळखलेली थंडी एकदा फार मोठ्या प्रमाणावर भेटली आहे, पानिपतावर. मार्च १७६० मध्ये भाऊसाहेब परतूडहून निघाले. बरोबर लढवय्ये होते, तसे बाजारबुणगे, यात्रेकरू, बायकामुले होती. लाखावारी माणसांचे ते चालते शहरच, आणि तेही दख्खनच्या उबदार हवेत वाढलेले. ऑक्टोबरअखेर अब्दाली यमुना उतरून दिल्लीची वाट अडवून बसला, आणि हे शहर पानिपतावर अडीच महिने कोंडले गेले. धान्य संपले, वैरण संपली, सरपण संपले. वर उत्तरेची पौषातली थंडी. १४ जानेवारी १७६१ ला, संक्रांतीच्या दिवसांत, उपाशी माणसे रणात उतरली. पराभवाची कारणे इतिहासकारांनी पुष्कळ सांगितली आहेत, आणि थंडी हे त्यांतले मुख्य नव्हे. पण समोरचे सैन्य थंड मुलखातून आले होते व त्याच्या पाठीशी रसद होती. आपले शहर मोजक्या महिन्यांच्या हिशेबाने निघाले होते, आणि हिवाळा त्या हिशेबात नव्हता.

*

मग ज्याला अनुभव नाही, त्याने मार खातच राहावे काय? तसे नाही. टेक्सासच्या पश्चिम टोकाला एल पासो नावाचे शहर आहे, वाळवंटी, उन्हाचे. फेब्रुवारी २०११ च्या थंडीत तेथली वीजकेंद्रे गोठली आणि शहराचे हाल झाले. त्याच थंडीने उरलेल्या टेक्सासलाही फटका दिला होता. १९८९ च्या डिसेंबरातही दिला होता. दोन्ही वेळा चौकशी झाली, यंत्रे झाका, नळ्यांना ऊब द्या अशा शिफारशी झाल्या. पण सक्ती नव्हती, आणि खर्च पाहून बहुतेकांनी त्या बासनात बांधल्या. एल पासोच्या कंपनीने मात्र पैसे खर्चून नवी यंत्रे कडक थंडीला टिकतील अशी बसविली. शिवाय तिच्या तारा शेजारच्या राज्यांशी जोडलेल्या होत्या. २०२१ मध्ये डॅलस-ह्यूस्टन अंधारात असताना एल पासोत काही हजार ग्राहकांची वीज गेली, तीही बहुतेकांची काही मिनिटांपुरती. जून २०२१ मध्ये टेक्सास राज्याने सक्तीचा कायदा केला. १९८९ पासून मोजले तर ३२ वर्षांनी.

म्हणून भावाच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. गाव आपल्या नेहमीच्या शत्रूसाठी बांधलेले असते, आणि तसेच असावे. रोजच्या उन्हाळ्याला सोडून वीस वर्षांनी येणाऱ्या थंडीसाठी कोणी घर बांधणार नाही. पण ती आली, मार देऊन गेली, की तिचे काहीतरी मागे उरले पाहिजे. फळबागेवर गारांची जाळी उरावी, मार्चातल्या पेंढ्यांवर टाकावयास ताडपत्री घरात असावी, पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्यांची आणि एस. टी. स्थानकाबाहेर निजणाऱ्यांची गारठ्याच्या रात्री नगरपालिकेने मोजदाद करावी. सरकारने आता गारपिटीबरोबर थंडीची लाटही आपत्तींच्या यादीत घातली आहे. यादीत नाव आले. ते वस्तीत उतरावयाचे आहे. जानेवारीत सकाळच्या शाळेला पातळ सदऱ्यात येणारी, हात काखेत धरून पाढे म्हणणारी मुले मी दरवर्षी पाहतो. सोलापुरात थंडी नाहीच, असे आपण म्हणतो ते त्यांना विचारून म्हणत नाही.

राहिली मावशी. मागच्या खेपेस मी तिला विचारले, की इतक्या उकाड्याच्या गावी निघालेल्या मुलाला चादरी कशासाठी दिल्या? ती माळवदावर सांडगे घालीत होती. हात न थांबविता म्हणाली, ‘‘माझी आई बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेली होती. रात्री उघड्यावर फार गारठा असायचा. घरात उन्हाळा आणि कामावर हिवाळा, म्हणायची. गाव कसंही असो, माणसाजवळ एक चादर असावी.’’

म्हणजे आमच्या घरात थंडीची आठवण होती. ती दुष्काळाच्या आठवणीत गुंडाळून ठेवलेली होती, आणि मला तिचा पत्ता नव्हता इतकेच. यंदाच्या दिवाळीला भावाने फराळाबरोबर आणखी चार चादरी मागविल्या आहेत. दोन त्याच्या घरासाठी, दोन शेजाऱ्यांसाठी. मी त्या घ्यावयास गेलो तेव्हा माझ्यासाठीही तीन जास्त घेतल्या. पौषात त्या कोठे पोचवावयाच्या, ते वर्गातल्या मुलांनी मला आधीच सांगून ठेवले आहे.